माकडच का?



औषधांसाठी प्राण्यांवर प्रयोग व्हावेत का, हा विषय आपल्यात निघाला की एका वाक्यात संपतो: हिंसा ती हिंसाच. मलाही ते मान्य आहे. तरी पोलिओचे थेंब आपण सगळ्यांनी मुलांना पाजले, मीही पाजले. त्या थेंबांचा इतिहास वाचताना मात्र वाटलं, 'प्रयोग का?' याच्या जोडीला 'हाच प्राणी का?' हेही विचारायला हवं.

1908 साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी पोलिओने गेलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश प्राण्यांना टोचला. ससे, गिनीपिग, उंदीर यांना काही झालं नाही. दोन माकडं आजारी पडली. म्हणजे तेव्हा माकड निवडायला निदान कारण तरी होतं.

पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर यांनी ऱ्हिसस माकड धरलं. ही आपल्याच उत्तर भारतातली लाल तोंडाची माकडं. त्यांना हा विषाणू तोंडावाटे सहसा बाधत नाही, नाकातून मात्र बाधतो. त्यावरून ठरवलं, की माणसातही तो नाकातूनच शिरतो आणि थेट मज्जातंतूंत जातो. स्वीडनच्या डॉक्टरांना 1912 मध्येच तो आतड्यात सापडला होता, पण त्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही. 1937 मध्ये टोरांटोत मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारला. पोलिओ टळला नाही, उलट काही मुलांची वास घेण्याची शक्ती गेली. शेवटी 1941 मध्ये आल्बर्ट सेबिन आणि रॉबर्ट वॉर्ड यांनी पोलिओने दगावलेल्या माणसांचीच तपासणी केली. विषाणू पचनमार्गात होता, नाकाच्या वाटेवर नव्हता. इतकी वर्षं, इतकी माकडं! ज्याच्यात रोग उतरतो तो प्राणी, एवढंच पाहिलं. माणसात उतरतो तसाच उतरतो का, हे पाहिलं नाही.

आपल्या 1960 च्या कायद्यात आहे, की जमेल तिथे मोठ्या प्राण्यांऐवजी गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर घ्यावा. सरकारी हिशेबाला हे बरोबर असेल. आपल्या गणतीत मात्र माकड काय नि उंदीर काय, दोघंही पंचेंद्रिय! त्याच कलमात शक्य तिथे प्रयोगच टाळावा असंही म्हटलंय, ते मला जास्त जवळचं वाटतं.

1955 मध्ये सॉल्क यांची लस आली. तिचा विषाणू माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवत, त्यामुळे भारतातून माकडांची निर्यात जोरात होती. त्याच वर्षी सरकारने ती काही काळ थांबवली आणि फक्त वैद्यकीय संशोधन व लसीसाठी, या अटीवर पुन्हा सुरू केली. 1 एप्रिल 1978 पासून मोरारजी देसाईंच्या सरकारने ती कायमची बंद केली, कारण आपली माकडं अमेरिकेत किरणोत्सर्गाच्या लष्करी प्रयोगांत वापरल्याचं उघड झालं होतं.