साप साप म्हणून भुई धोपटताना

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, इंदूर-बैतूल महामार्गावर कन्नौद हे तहसिलीचे गाव आहे. माळव्याची काळी जमीन, सोयाबीन-गव्हाची शेते आणि जवळच खिवनी अभयारण्याचे सागवानी जंगल असा हा परिसर. अशा मुलखात साप ही केवळ कल्पनेतील गोष्ट नसते. तो बांधावर, कडब्याच्या गंजीखाली, क्वचित अंथरुणाशीही भेटतो. म्हणून सापाच्या भीतीला येथे सरसकट निराधार म्हणता येत नाही. परंतु त्याच घरात कुणाला भिंतीवरच्या पालीने, कुणाला झुरळाने, तर कुणाला इंजेक्शनच्या सुईने कापरे भरते. रास्त भीती कोठे संपते आणि अकारण भीती कोठे सुरू होते, हा प्रश्न अशा ठिकाणी ठळकपणे उभा राहतो.

ताडाचा खुंट

देवास हे पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे संस्थान. माळव्यातील मराठी भाषकांचे ते एक जुने केंद्र. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचे खासगी सचिव म्हणून येथे काही महिने काम केले. 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीची आरंभीची प्रकरणे त्यांनी येताना सोबत आणली होती. ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली.

तिच्यात एक मार्मिक प्रसंग आहे. गुहा पाहायला निघालेल्या तरुणीला ओढ्यापलीकडे काही काळे उभे दिसते. ती 'साप' म्हणते आणि सोबतचे गावकरीही तेच म्हणू लागतात. दुर्बिणीतून पाहिल्यावर तो ताडाचा वाळलेला, पिळवटलेला खुंट असल्याचे दिसते. ती तसे सांगते, पण गावकरी ते मान्य करीत नाहीत. एकदा मनात शिरलेला साप बाहेर पडत नाही.

वेदान्तातील रज्जुसर्पाच्या दृष्टांतात दिवा आणला की दोरी ओळखू येते आणि साप नाहीसा होतो. अकारण भीतीचे वैशिष्ट्य असे की, तेथे दोरी स्पष्ट दिसत असूनही अंगावर काटा येतो. पाल काही करणार नाही, हे पालीला भिणाऱ्याला ठाऊक असते. भारतातील घरपाल विषारी नाही, हेही त्याने वाचलेले असते. तरीही पाय उंबरठ्यावरच थबकतात.

शहारा कशाचा?

अंगावर काटा येतो तेव्हा केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात. केसाळ प्राण्यांचे केस फुलतात आणि ते शत्रूला मोठे भासतात. माणसाच्या अंगावरचे केस विरळ झाले, पण प्रतिक्रिया टिकून राहिली. मेंदूतील अमिग्डाला हा भाग धोक्याची सूचना विचाराआधीच देतो. त्यामुळे दचकणे आधी होते आणि समजणे नंतर.

मात्र प्रत्येक शहारा भीतीचा नसतो. झुरळ किंवा कुजके अन्न पाहून येते ती किळस. फळ्यावर नख ओढल्याच्या आवाजाने येणारा काटा आणखी वेगळा. २०१२ साली न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, सुमारे २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यातील आवाज माणसाला विशेष असह्य वाटतात. कमळाच्या बोंडातील छिद्रांसारखे पुंजके पाहून अनेकांना अस्वस्थ वाटते. त्यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रक्त किंवा सुई पाहून येणारी भीती तर उलट्या चालीची: आधी नाडी वाढते, मग रक्तदाब एकाएकी घसरतो आणि माणूस भोवळ येऊन पडतो.

भीती इतरांकडूनही शिकली जाते. सुझान मिनेका आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न भिणाऱ्या माकडांना चित्रफिती दाखविल्या. सापाला घाबरणारे माकड पाहून ती सापाला भिऊ लागली. फुलाला घाबरणारे माकड पाहून मात्र फुलाला भ्याली नाहीत. भीतीचे बी कोठे रुजेल, हे काही अंशी आधीच ठरलेले असते. पाणी मात्र घरातील मोठी माणसे घालतात.

भीतीची चुकलेली दिशा

या विषयाची खरी किंमत कन्नौदसारख्या ग्रामीण भागात मोजावी लागते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मधील एका अभ्यासाने मांडला. अधिक झळ पोहोचलेल्या राज्यांत मध्य प्रदेशही आहे. परंतु सर्वाधिक घाबरविणारा साप सर्वाधिक घातक असतोच असे नाही. लांबलचक धामण बिनविषारी असूनही काठीखाली मरते. ती शेतातील उंदीर खाते, हे विसरले जाते. मण्यार मात्र रात्री निजलेल्या माणसाला चावते आणि वेदना वा सूज फारशी नसल्याने दंश कळतही नाही.

भुई धोपटण्यापेक्षा रात्री विजेरी, पायांत बूट आणि अंथरुणावर नीट खोचलेली मच्छरदाणी अधिक उपयोगी. दंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष दिले जाते.

उपाय पायरीपायरीने

भीतीमुळे शाळा, शेत, प्रवास किंवा औषधोपचार टळू लागले आणि ती सहा महिने वा अधिक टिकली, तर तिला विशिष्ट भयगंड मानतात. टाळाटाळीने क्षणभर सुटका होते, पण भीतीला खतपाणी मिळते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलासमोर, तो आवडीचा खाऊ खात असताना, ससा हळूहळू जवळ आणला. अखेर तो त्याला हात लावू लागला. आजची उपचारपद्धती याच वाटेने जाते: आधी चित्र, मग दुरून दर्शन, मग जवळीक. थट्टा किंवा बळजबरी करून पायऱ्या गाळल्या, तर भीती अधिक घट्ट होते. सुईने भोवळ येणाऱ्यांना हातापायांचे स्नायू ताणून रक्तदाब टिकविण्यास शिकवितात.

मदतीसाठी केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. भिणाऱ्याला दोरी दाखविणे पुरेसे नसते. ती हातात घेईपर्यंत त्याच्यासोबत उभे राहावे लागते.