रंगरूट आणि मुनशिपालटी

नागपूरच्या लकडगंजांत, लाकडाच्या वखारींमधून जातांना, एखादा वृद्ध हमाल ‘मुनशिपालटी’ असें म्हणतो आणि शेजारचा शिकलेला मनुष्य हंसतो. हंसणाऱ्यानें तो शब्द एकवार मोजून पाहावा. इंग्रजींत त्याचीं अक्षरें सहा. आघात चौथ्यावर, कारण शेवटचें ‘-इटी’ आपल्या लगतच्या मागील अक्षरावर आघात ओढून आणतें. हमालानें दुसऱ्या व पांचव्या अक्षरांतील स्वर गाळले आणि आघाताचें चौथें अक्षर ‘पाल’ असें भारदस्त करून ठेविलें. शब्दाचा कणा त्याच्या कानास बरोबर सांपडला!

मराठींत आघातानें शब्दाचा अर्थ बदलत नाहीं; आपल्या पद्याचें मापहि लघुगुरूंचें किंवा मात्रांचें. तेव्हां परक्या शब्दांतील जोर कानीं पडला कीं आपण त्याचा गुरु करितों. पलटणींतला ‘रंगरूट’ पाहा. मूळ ‘रिक्रूट’, आरंभाचा रंग पार बदलला, पण आघाताचें ‘रूट’ शाबूत राहिलें. ‘ऑर्डर्ली’चा ‘अर्दली’ होतांनाहि आघाताचें पहिलें अक्षर टिकलें. नागपुराजवळ कामठीची छावणी १८२१ त पडली, नगरपालिका १८६४ त आली, आगगाडी १८६७ त. साहेबाचे शब्द तोंवर बहुतेकांस कानानेंच मिळत.

हा नियम सर्वत्र लागू पडतो असें मात्र नाहीं. ‘तिकीट’ या शब्दांत इंग्रजीचा आघात पहिल्या अक्षरावर असतां आपण दुसरें दीर्घ केलें, आणि गरीब, वकील यांच्या पंक्तीस त्यास बसविलें. तेथें मराठीनें आपलाच हिशेब चालविला.

पुढें हिस्लॉप कॉलेज १८८३ त व मॉरिस कॉलेज १८८५ त निघालें, आणि इंग्रजी डोळ्यांनीं येऊं लागली. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांतहि आघाताची खूण होती. पण स्पेलिंग घोकणाऱ्यास खुणेचें काय? ‘फोटोग्राफर’ घ्या. इंग्रज तो ‘फ-टॉग्-र-फर’ असा तोडतो, जोर दुसऱ्यावर. ‘फोटोग्राफ’मध्यें तो पहिल्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्यें तिसऱ्यावर. देवनागरी मात्र ‘ग्’ला पुढील ‘रा’शीं जोडते, ‘फो’, ‘टो’, ‘ग्रा’ तिन्ही गुरु, आणि तिन्ही शब्दांत तींच. ज्या निर्बल स्वरांमुळें आघात उठून दिसावा, ते स्वरच लिपीनें बलवान केले.

१९५१ त नगरपालिकेची महानगरपालिका झाली. ‘कॉर्पोरेशन’चा आघात ‘रे’वर आहे; आम्ही शिकलेले ‘कॉ’, ‘पो’, ‘रे’ सारख्याच वजनानें टाकतों. वखारीवरचा हमाल अद्याप ‘मुनशिपालटी’च म्हणतो.