भांग, गांजा, माजूम आणि सीबीडी : एका वनस्पतीची नामे व सेवनरीती

‘सीबीडी’ ही तीन अक्षरे अलीकडे मराठी घरांतून ऐकू येऊ लागली आहेत. राजारामपुरीच्या गल्ल्यांतून राहणाऱ्या आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरी सांधेदुखीवर अथवा निद्रानाशावर उपाय म्हणून तशा कुप्या आल्या आहेत. त्यांपैकी दोन कुप्या प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आल्या. एकीवर ‘विजया’ हे नाव होते, दुसरीवर ‘हेम्प ऑइल’ असे छापलेले होते. घेणाऱ्यांची समजूत मात्र दोहोंत एकच द्रव्य आहे अशी होती. वस्तुतः पहिलीत पानांचा अर्क होता आणि दुसरीत बियांचे तेल. नामाच्या घोटाळ्यामुळे रोगी फसतो, आणि प्रसंगी कायद्याच्या कचाट्यातही सापडतो. म्हणून या नामांचा इतिहास तपासणे हे केवळ शब्दकौतुक नव्हे. सदर लेखात तो संक्षेपाने मांडून, अगदी नवशिक्या वाचकालाही सीबीडी म्हणजे काय व ते कोणकोणत्या रीतींनी घेतात हे कळावे, असा प्रयत्न केला आहे.

१. प्राचीन नामे

‘भङ्ग’ हा शब्द अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात पाच वनस्पतींच्या गणनेत येतो. तेथे तो आजच्या भांगेचाच वाचक आहे की काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. पाणिनीचे साक्ष्य अधिक निश्चित स्वरूपाचे आहे. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात शेताचा बोध करणारे प्रत्यय सांगताना तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीला त्याने भङ्गा बसविली आहे. भांगेच्या शेताला ‘भङ्ग्य’ आणि ‘भाङ्गीन’ अशी दोन्ही रूपे त्याच्या नियमाने सिद्ध होतात. तात्पर्य, पाणिनीच्या काळी हे एक पेरले जाणारे पीक होते. ते धाग्यासाठी, बियांसाठी की मादकतेसाठी, हे मात्र त्या सूत्रावरून ठरत नाही.

औषधी म्हणून स्पष्ट उल्लेख मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत मिळतात. शार्ङ्गधरसंहितेत ‘व्यवायी’ द्रव्यांचे उदाहरण म्हणून भङ्गा आणि अफू यांची नावे दिली आहेत. पचन होण्यापूर्वीच जे सर्व शरीर व्यापते आणि मागाहून पचते ते व्यवायी. द्रव्य शरीरात कसे व केव्हा पसरते या प्रश्नाचा विचार आपल्याकडे किती जुना आहे, हे यावरून ध्यानी येईल. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात भङ्गा, गञ्जा, मातुलानी, मादिनी, विजया आणि जया असे पर्याय दिलेले आहेत. यांतील ‘मादिनी’ हे नाव पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे; मद आणणारी ती मादिनी. ज्या वनस्पतीची आपल्या पूर्वजांना ओळख होती, तिचे ठळक लक्षण त्यांच्या लेखी मादकता हे होते.

२. गोमंतकातील साक्ष

सेवनरीतीचे तपशीलवार वर्णन आपल्या परिसरात मिळते ते गोव्यात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधिद्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यातील एक संवाद ‘बांग’ या द्रव्यावर आहे. कुटलेल्या पानांत सुपारी, जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर अशी द्रव्ये मिसळण्याची रीत त्याने नोंदविली आहे. साखर घालून केलेल्या पाकाला ‘माजू’ म्हणत, असेही तो सांगतो. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने मार्तिम आफोंसो द सौझा याला सांगितलेली एक गोष्टही त्याने दिली आहे : रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान वा इराण येथे जावेसे वाटले की सुलतानाला थोडी बांग घेतली म्हणजे पुरे होई.

ओर्ताचा ‘माजू’ म्हणजेच आपला ‘माजूम’. मूळ अरबी शब्द ‘मअजून’. त्याचा धात्वर्थ मळणे, कालवणे असा आहे. मराठीत अंत्य ‘न’चा ‘म’ झाला. म्हणजे या नावात वनस्पतीचा उल्लेखच नाही. आहे तो केवळ कृतीचा. हे लक्षण मराठीतील या सर्व शब्दसमूहाला लागू पडते.

३. मराठीतील वर्गीकरण : भाग, कृती आणि क्रियापद

मराठी माणूस भांग घोटतो आणि पितो, गांजा ओढतो, माजूम खातो. ही क्रियापदे परस्परांच्या जागी चालत नाहीत. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे आणि चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ. अशा रीतीने प्रत्येक नामात वनस्पतीचा विशिष्ट भाग, त्यावरील संस्कार आणि सेवनाची रीत ही तिन्ही गृहीत आहेत. ‘घोटा’ हे पेयाचे नाव घोटण्याच्या कृतीवरून आले. ‘चिलीम’ हा शब्द फारसीतून आला, तसाच ‘गांजेकस’ या शब्दातील ‘कस’, म्हणजे ओढणारा, हा अंशही.

शिवाय प्रत्येक द्रव्याबरोबर सेवन करणाऱ्याचेही एक नाव भाषा घडविते. भांग पिणारा तो ‘भंगड’, गांजा ओढणारा तो ‘गांजेकस’. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘गर्द’ आली तेव्हा ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीने तत्काळ घडविला. या शब्दांत निंदा आहे. ‘भांगेत तुळस’ या वाक्प्रचारात तर एका झाडाने सर्व हीनतेचे आणि दुसऱ्याने सर्व पावित्र्याचे प्रतिनिधित्व केले आहे. सीबीडी घेणाऱ्याला मात्र असे कोणतेच नाव अद्याप मिळालेले नाही; तो केवळ ‘ग्राहक’ असतो. नव्या नामाने जुनी निंदा पुसली गेली, ही गोष्ट विक्रीच्या दृष्टीने लाभदायक खरी; पण त्याबरोबर जुन्या नामांतील माहितीही पुसली गेली, ही हानी होय.

यात इंग्रजी ‘हेम्प’ या शब्दाने आणखी भर घातली आहे. आपण ज्याला ताग म्हणतो, जो ऊसपट्ट्यात हिरवळीचे खत म्हणून गाडतात, तो इंग्रजीत ‘सन हेम्प’. आणि जिची भाजी आपण आवडीने खातो ती अंबाडी ‘डेक्कन हेम्प’. या दोन्ही वनस्पती भांगेहून सर्वस्वी भिन्न कुळांतील आहेत. अंबाडीच्या शास्त्रीय नामात ‘कॅनाबिनस’ हे पद असले, तरी ते सादृश्यावरून दिलेले आहे.

४. आयोग आणि अधिनियम

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात झालेल्या पृच्छेनंतर हिंदुस्थान सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून १८९४ साली अहवाल सादर केला. मर्यादित सेवनाने सामान्यतः विशेष अपाय होत नाही, सबब संपूर्ण बंदी न घालता कर व नियंत्रण यांचा अवलंब करावा, असा त्याचा निष्कर्ष होता. मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीत अहमदनगर जिल्हा प्रमुख होता.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने आयोगाची प्रश्नावली विशेष लक्षणीय आहे. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेल्या भांग, गांजा व चरस यांच्या व्याख्या तीत दिल्या होत्या. त्या आपल्या प्रांतात ग्राह्य आहेत काय आणि प्रत्येक पदार्थाला स्थानिक नाव कोणते, असा प्रश्न साक्षीदारांना आरंभीच विचारण्यात आला. बाजारातील लोकभाषेची त्रयी अशा रीतीने राज्यकारभाराची परिभाषा बनली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात फुलोऱ्यांची व्याख्या करताना त्यांच्यासोबत नसलेली पाने आणि बिया वगळण्यात आल्या. भारताच्या १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमातही चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे एवढ्यांचाच ‘कॅनाबिस’ या संज्ञेत समावेश आहे. गांजाच्या व्याख्येत तर तो कोणत्याही नावाने ओळखला जात असला तरी, अशी पुस्ती जोडलेली आहे. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही, हे तत्त्व विधिकारांनी येथे स्वीकारले. केवळ पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली व राज्यांच्या कक्षेत आली. महाराष्ट्रात तिला १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू होतो, व विनापरवाना ती बाळगता येत नाही.

५. रेणूचे नाव

विसाव्या शतकात वर्गीकरणाचे तत्त्वच पालटले. १९४० साली रॉजर ॲडम्स यांनी अमेरिकेत या वनस्पतीतून एक घटक वेगळा केला. त्याला ‘कॅनाबिडिऑल’, संक्षेपाने ‘सीबीडी’, हे नाव मिळाले. त्याची निश्चित रचना राफाएल मेशुलाम व त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली उलगडली. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, गाओनी व मेशुलाम यांनी नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळवून त्याची रचना प्रसिद्ध केली. एकाच झाडातील हे दोन घटक. पैकी टीएचसीने नशा येते, सीबीडीने येत नाही. नव्या नामात झाडाचा भाग नाही, कृती नाही, क्रियापद नाही. आहे तो फक्त रेणू.

येथे एका लोकप्रिय विधानाचा परामर्श घेणे अवश्य आहे. ‘आपल्या पूर्वजांना सीबीडी ठाऊकच होते, विजया म्हणजेच सीबीडी’, असे हल्ली म्हटले जाते. हे विधान ग्राह्य धरता येत नाही. भारतातील गांजाचे वाण सामान्यतः टीएचसीप्रधान आहेत, आणि ‘मादिनी’ हे नाव त्याचीच साक्ष देते. १८३९ साली कलकत्त्यात डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांनी आचके येणाऱ्या अवघ्या चाळीस दिवसांच्या बालिकेला गांजाच्या अर्काचे थेंब दिले व गुण आल्याचे नोंदविले. आज सीबीडीचा सर्वांत सिद्ध उपयोग अपस्मारावरच आहे, हे खरे. तथापि ओशॉनेसींच्या अर्कात सर्वच घटक होते, म्हणून तो गुण सीबीडीच्या पदरात घालणे हा कालविपर्यास ठरेल.

६. सेवनरीती

सीबीडी प्रायः चार रीतींनी घेतले जाते. पहिली, तेल अथवा कॅप्सूल गिळणे. यात द्रव्य प्रथम यकृतातून जाते, तेथे त्याचा मोठा भाग नष्ट होतो, आणि परिणामास काही तास लागू शकतात. स्निग्ध आहारासोबत घेतल्यास रक्तात पोचणारे प्रमाण सुमारे चौपट होते. दुसरी, जिभेखाली थेंब धरणे. येथेही बराचसा अंश अखेर गिळलाच जातो. तिसरी, वाफ वा धूर ओढणे. परिणाम काही मिनिटांत होतो, परंतु फुप्फुसांना अपाय संभवतो. चौथी, त्वचेवर लेप. यात रक्तात फारच अल्प अंश जातो.

मात्रेचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळालेले ‘एपिडिओलेक्स’ हे शुद्ध सीबीडीचे औषध तिळाच्या तेलात केलेले असून दर मिलिलिटरात १०० मिलिग्रॅम सीबीडी असते. ते लहानपणी उद्भवणाऱ्या काही दुःसाध्य अपस्मारांसाठी आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम धरले, तर २० किलो वजनाच्या मुलाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिलिटर लागतात. बाजारातील कुपीतून घेतलेल्या दोन-चार थेंबांची तुलना या प्रमाणाशी करून पाहावी. उलटपक्षी, मोठ्या मात्रेत ग्लानी, जुलाब, भूक मंदावणे व यकृतावर ताण हे दोष दिसतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या आणि अपस्मारावरील काही औषधांशी सीबीडीचा विरोध होतो. म्हणून वैद्यकीय सल्ल्याखेरीज ते घेणे इष्ट नव्हे.

७. उपसंहार

आपल्याकडे आज दोन परिभाषा एकमेकींवर आदळत आहेत. कायदा झाडाच्या भागांची भाषा बोलतो, औषधशास्त्र रेणूंची. आणि कुपीवरील नाव बहुधा दोन्हींपासून दूर, तिसऱ्याच ठिकाणी असते. पानांच्या अर्कात टीएचसीही असू शकते, हे ‘विजया’ या मंगल नावावरून समजत नाही. २०२१ पासून अन्न म्हणून मान्य झालेल्या बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतेच, हे ‘हेम्प’ या शब्दावरून समजत नाही. जुनी मराठी नामे निंदाव्यंजक होती, पण काय, कशाचे आणि कसे घ्यायचे एवढे ती नेमके सांगत. नव्या नामाकडूनही तीच अपेक्षा करणे रास्त होय. झाडाचा भाग कोणता, घटक कोणते व किती, माध्यम कोणते आणि घेण्याची रीत कोणती, या चार गोष्टी मराठीत स्पष्ट लिहिल्याविना अशी कुपी कोणाच्याही घरात येऊ नये. ती परिभाषा सिद्ध करण्याचे काम वैद्य, विधिज्ञ आणि भाषाभ्यासक यांनी एकत्र बसून करावयाचे आहे. विद्यापीठांतील भाषाविभागांनी ते आपल्या कक्षेबाहेरचे मानू नये.