डोस बरोबर होता

घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरांत नाव. मग औषधी घटक, पाच मिलीमध्ये त्याचं प्रमाण आणि 'मुलांच्या हाती लागू देऊ नका' ही सूचना. कुठेतरी कोपऱ्यात बॅच क्रमांक. आपण डोस तेवढा बघतो, झाकणाने मोजून पाच मिली देतो आणि आपलं काम झालं असं समजतो. पण त्या पाच मिलीत औषध असतं काही मिलिग्रॅम. बाकी सगळा असतो तो गोडवा, रंग, स्वाद आणि औषध विरघळवणारा द्रव. गेल्या नव्वद वर्षांत जगभर शेकडो माणसं दगावली, ती या 'बाकी'मुळे.

सुरुवात अमेरिकेत झाली, १९३७ साली. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं, जंतुसंसर्गावरचं गुणकारी औषध. ते गोळीच्या आणि पुडीच्या रूपात मिळे. लहान मुलांना देता यावं म्हणून पातळ औषधाला मागणी होती. टेनेसी राज्यातल्या मॅसेनगिल कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला असं आढळलं की, हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात छान विरघळतं. हा द्रव मुळातच गोडसर. त्यात रासबेरीचा स्वाद घातला. रंग, चव, वास तपासला आणि माल बाजारात गेला. हा द्रव पोटात गेल्यावर काय करतो, हे तपासलं नाही. तशी सक्ती करणारा कायदाच नव्हता.

शरीरात या द्रवापासून तयार होणारी रसायनं मूत्रपिंडं निकामी करतात. आधी उलट्या आणि पोटदुखी, मग लघवी कमी होत होत बंद. त्या औषधाने १०५ जण गेले, त्यांत ३४ मुलं होती. सरकारी निरीक्षक विक्रीच्या याद्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन दारोदार फिरले. बनवलेल्या २४० गॅलनपैकी सुमारे २३४ गॅलन त्यांनी परत मिळवले. म्हणजे १०५ बळी घ्यायला उरलेले जेमतेम सहा गॅलन पुरले. आणि एवढं होऊन कंपनीवर ठपका कसला, तर चुकीच्या नावाचा! 'एलिक्झिर' म्हटलं की त्यात अल्कोहोल हवं, यात ते नव्हतं. या प्रकाराने हादरलेल्या अमेरिकेने १९३८ साली कायदा केला: नवं औषध सुरक्षित आहे हे आधी दाखवा, मगच विका.

भारतातही १९४० साली औषध कायदा आला. कायदा होता, निरीक्षक होते, प्रयोगशाळा होत्या. तरीही १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच घडलं.

मेंदूवरची सूज किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी तिथल्या रुग्णांना ग्लिसरॉल पाजलं जात होतं. हा उपचार नेहमीचा होता. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध बरोबर होतं, डोस बरोबर होता. पण मेंदूच्या किंवा डोळ्यांच्या दुखण्यासाठी आलेल्या माणसांची लघवी बंद होऊ लागली. संशय ग्लिसरॉलवर गेला आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. १४ रुग्ण दगावले.

हा घात सोपा का ठरतो, तेही समजून घ्यायला हवं. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोड. डोळ्यांना, जिभेला फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. आणि औषधी दर्जाचा माल महाग, कारखान्यात वापरायचा स्वस्त. त्यामुळे तपासणी चुकली की पुढचा प्रत्येक माणूस, अगदी कर्तव्यदक्ष परिचारिकासुद्धा, नकळत विषच पाजत असते.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने नेमकी हीच साखळी तपासली. रुग्णालयातली खरेदी, अन्न व औषध प्रशासनातला भ्रष्टाचार, राजकीय हस्तक्षेप, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. अहवाल बाहेर आल्यावर राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं.

वाटलं असेल, आता तरी हे थांबेल. पण २०२२ साली गांबियात भारतात बनलेल्या सिरपांशी अनेक मुलांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल झाली; वीसहून अधिक मुलं वाचली नाहीत. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. मर्यादा आहे ०.१ टक्का.

या सिरपमधल्या क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीबद्दल आधीच सूचना होती. चार वर्षांखालील मुलांना ती देऊ नये, असं लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढला होता. लहान मुलांचा साधा सर्दी-खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. म्हणजे अनेकदा ती बाटली उघडायचीच गरज नसते.

घरबसल्या कुणालाही बाटलीतलं विष ओळखता येणार नाही. ते काम कारखान्याचं आणि सरकारचं. ते आईबापांच्या माथी मारणं हा अन्याय आहे. आपल्या हातात आहे ते एवढंच: चिमुकल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय सिरप द्यायचं नाही. दिल्यावर उलट्या सुरू झाल्या, मूल मलूल पडलं किंवा लघवी कमी झाली, तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी क्रमांक आहे.

आणि बाटली फेकायची नाही, बिल जपायचं. १९३७ मध्ये निरीक्षक दारोदार फिरले, ते अशाच कागदांच्या आधारावर. कोपऱ्यातला तो बॅच क्रमांक आपण कधी वाचत नाही. पण त्याच बॅचची दुसरी बाटली दुसऱ्या कुणाच्या घरात उघडण्याआधी थांबवायची असेल, तर शोध त्या क्रमांकापासूनच सुरू होतो.