गोठलेल्या पाण्यावरची मोजदाद

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सुपिरियर नावाचं अवाढव्य सरोवर आहे. त्यात आईल रॉयल हे सुमारे ७२ किलोमीटर लांबीचं बेट. हिवाळ्यात हे राष्ट्रीय उद्यान पर्यटकांना बंद असतं. वन्यप्राण्यांच्या अभ्यासकांचा खरा हंगाम मात्र तोच.

कारण साधं आहे. उन्हाळ्यात दाट झाडीत लांडगा नजरेस पडत नाही. बर्फ पडला की त्याच्या पावलांची ओळ आकाशातूनही दिसते. १९५८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या डरवर्ड ॲलन यांनी इथलं काम सुरू केलं. चाकांऐवजी पट्ट्या लावलेलं छोटं विमान गोठलेल्या पाण्यावर उतरवायचं आणि वरून माग काढत लांडगे व मूस मोजायचे. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, आपल्या सांबराहून कितीतरी थोराड. आपल्याकडे वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधतात. तिकडे पाणी गोठण्याची वाट पाहतात!

ॲलन यांचा विद्यार्थी डेव्हिड मेक याने विमानातून शिकारी पाहिल्या. लांडगा म्हणजे हमखास मृत्यू, अशी आपली समजूत. मेकच्या नोंदी वेगळं सांगतात. कळपानं गाठलेल्या ७७ मूसपैकी फक्त ६ मारले गेले. धडधाकट मूस पाय रोवून उभा राहिला की लांडगेच निघून जात. मला तरी हा आकडा कुठल्याही शिकारकथेपेक्षा थरारक वाटतो.

हे लांडगे मुळात १९४० च्या दशकाच्या अखेरीस बर्फावरून चालतच बेटावर आले. १९८० मध्ये ते ५० होते. मग कुत्र्यांचा पार्व्हो रोग शिरला आणि १९८२ मध्ये १४ उरले. १९९७ मध्ये एक नर बर्फावरून आला. त्यानं नवं रक्त आणलं. पण पुढे किनाऱ्यापर्यंत बर्फाचा पूल क्वचितच बांधला जाऊ लागला. जवळच्या नात्यात प्रजनन होऊन २०१६ मध्ये दोनच लांडगे राहिले. मूस मात्र २०१९ पर्यंत दोन हजारांवर गेले आणि कोवळी झाडं फस्त करू लागले.

२०१८-१९ मध्ये उद्यान सेवेनं बाहेरून १९ लांडगे आणून सोडले. निसर्गात माणसानं हात घालावा का, यावर मोठा वाद झाला. मला विचाराल तर घालावा. बर्फाची वाट मोडण्यात माणसाचा हात आहेच.

लांडगे पुन्हा वाढले. पण २०२४ च्या हिवाळ्यात बर्फ इतका पातळ झाला की विमान उतरवणं धोक्याचं ठरलं, आणि अभ्यासकांना मोजणी अर्धवट सोडून परतावं लागलं.