जुहू आणि येरवडा : हवाई टपालमार्गावरील अंतर व वेळ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे एक लहान विमान कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून उडविले व अहमदाबादेस थांबून ते दुपारी मुंबईत जुहू येथे उतरविले. मार्गाची लांबी सुमारे ६४० मैल आणि विमानाचा वेग ताशी सुमारे १०० मैल. भागाकार केला की साडेसहा तासांच्या आतबाहेर उत्तर येते आणि प्रवासाचा काल म्हणून तेच सांगून लेखक बहुधा पुढे जातात. वस्तुतः या मार्गाचा खरा प्रश्न आकाशात नव्हताच. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणावे लागले, या एका गोष्टीवरूनही त्याची कल्पना येईल.

जुहूचे मैदान समुद्रालगतच्या चिखलवट जमिनीवर होते. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी धावपट्टी समुद्राच्या पातळीखाली जाई. त्यामुळे दोन विमाने, तीन वैमानिक व तीन यंत्रज्ञ असा सारा संसार पुण्यास हलवावा लागे. पुण्यासही विमानतळ नव्हताच. येरवड्याच्या तुरुंगाशेजारील मैदान वापरण्याची अनुज्ञा मिळाली होती. (पहिल्या उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, याच तुरुंगात पुणे करार झाला होता.)

या स्थलांतराने किती वेळ गेला? जुहू ते येरवडा हे सरळ अंतर ७५ ते ८० मैल, म्हणजे पस मॉथला पाऊण तासाचे. अहमदाबादेहून जुहू सुमारे २७० मैल, तर येरवडा ३२० मैल. तेव्हा कराचीकडील टप्पा अर्ध्या तासाने वाढला. परंतु हीच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला जावयाची होती. नकाशावर मोजले असता अहमदाबाद ते बेल्लारी हे अंतर जुहूवरून सुमारे ६५० मैल भरते, येरवड्यावरून मात्र ६३०च्या आसपास. मद्रासच्या पत्राचे, निदान मैलांच्या हिशेबाने, काहीच बिघडत नव्हते. झळ लागे ती मुंबईच्या पत्राला. पुण्याहून मुंबईचा लोहमार्ग ११९ मैलांचा, तोही बोरघाटातून. १९३० साली सुरू झालेली डेक्कन क्वीन तो पावणेतीन तासांत तोडी. आणि तेवढी वेगवान गाडी प्रत्येक वेळी मिळेलच असे नव्हते.

सह्याद्रीवरील ढगांत वैमानिकाजवळ बिनतारी यंत्र नव्हते, जमिनीवरही मार्गदर्शनाची साधने नव्हती. अशा स्थितीत अर्ध्या तासाचा लाभ वा तोटा गौणच. टपालखात्याला प्रयोजन होते ते दुसऱ्याच वेळेचे : इम्पीरियल एअरवेजचे लंडनचे साप्ताहिक विमान कराचीस गाठले जाते की नाही, याचे. ते एकदा चुकले की विलंब तासांचा राहत नसे, आठवड्याचा होई. या कसोटीवर ही छोटी सेवा पूर्णपणे उतरली. पहिल्या वर्षात विमाने सुमारे १,६०,००० मैल उडाली; प्रवासी अवघे १५५ मिळाले, टपाल मात्र दहा टनांवर गेली. मुलकी विमानवाहतूक खात्याच्या अहवालानुसार, घाटावरील पावसाळी वादळांतही मुंबईची वा मद्रासची टपाल कराचीस एकदाही चुकली नाही. इम्पीरियल एअरवेजने आपली माणसे टाटांकडे शिकावयास पाठवावीत, असा चिमटाही अहवालकर्त्याने त्यात काढला आहे. सरकारी कागदांत असा सूर विरळाच आढळतो.