हक्काचा कचरा

संस्थांच्या नावांत बहुधा ‘विकास’, ‘चेतना’, ‘प्रबोधन’ असं काहीतरी भारदस्त असतं. पुण्यातल्या या संघटनेनं आपलं नाव थेट भंगाराच्या दुकानातल्या ढिगांवरून उचललं : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. सदस्य दिवसभर जे वेचतात आणि संध्याकाळी ज्याचं वजन करून पैसे घेतात, तेच नावात आहे. तीस वर्षांहून अधिक वाटचालीनंतर संघटनेचे सदस्य नऊ हजारांच्या घरात गेले आहेत आणि त्यांत दहापैकी आठ बायका आहेत.

या बायका कोण? बहुतेक जणी मातंग आणि बौद्ध समाजातल्या. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि आसपासच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून पुण्यात आलेल्या, किंवा तशा घरांतल्या लेकी-सुना. गावी जमीन नव्हती, हातात शिक्षण नव्हतं, आणि शहरात जे काम मिळालं ते जातीनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. पाठीवर पोतं टाकून पहाटे निघायचं, कोंडाळ्यात वाकून, हात घालून कागद, काच, लोखंड बाजूला काढायचं. फुटकी काच आणि सुया हाताला लागायच्या, कुत्री मागे लागायची. कुठे चोरी झाली की पोलिसांची नजर आधी पोत्याकडे जायची. दिवस संपता संपता भंगारवाला मापात मारायचा.

1990 च्या सुमारास पुण्यातल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांच्या वस्त्यांत पोचल्या, त्या साक्षरतेचे वर्ग घ्यायला. सुरुवात बाराखडीनं झाली, पण बाराखडी लवकरच बाजूला पडली. अशा वेळी एरवी जे होतं ते इथे झालं नाही, आणि माझ्या मते संघटनेच्या साऱ्या प्रवासाचं मूळ तिथेच आहे. ‘या घाणीतून यांना बाहेर काढू, मेणबत्त्या नि पापड करायला शिकवू’ असा पुनर्वसनाचा घाट कुणी घातला नाही. बायकांनाच विचारलं. त्यांना दुसरं काम नको होतं. हेच काम नीट करता यावं, म्हणजे कचरा कोंडाळ्यात पडून बरबटण्याआधी, ओला-सुका वेगळा केलेला, दारातच हाती मिळावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ओला-सुका वेगळा करा हे आज महापालिका भोंग्यावरून सांगते. ते पहिल्यांदा मागितलं ते वेचणाऱ्या बायकांनी, ही गोष्ट पुणेकर सोयीनं विसरले आहेत.

मग काही भागांत विद्यापीठाच्या ओळखपत्रावर बायका घरोघरी जाऊन सुका कचरा घेऊ लागल्या. एवढ्यात एका उद्योजकानं गाडी आणून त्याच भागात तेच काम सुरू केलं. ज्या कचऱ्याकडे काल कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यात पैसा आहे हे कळताच गाडीवाला हजर झाला. बायकांनी गाडी अडवली. कचरा म्हणजे टाकून दिलेली वस्तू, पण त्यावर पोट भरणारीचा त्यावर पहिला हक्क आहे, हे तेव्हा पहिल्यांदा जाहीरपणे बोललं गेलं.

1993 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या आठशेहून अधिक कचरावेचकांची परिषद भरली, तीत डॉ. बाबा आढाव होते. हमालांना संघटित करून माथाडी कायद्यापर्यंत नेणारा हा माणूस आणि कचरावेचक आईच्या पोटी जन्मलेले मोहन ननावरे यांच्या साथीनं ही कामगार संघटना उभी राहिली. ‘पंचायत’ हा शब्द आला तो आढावांच्या हमाल पंचायतीकडूनच.

पण हमालाला निदान व्यापारी तरी समोर दिसत होता. कचरावेचकाचा मालक कोण? भंगारवाला तर नुसता खरेदीदार. मालकच नसेल तर मागायचं कुणाकडे, मोर्चा न्यायचा कुठे? संघटनेचं उत्तर असं, की आम्ही शहराचं काम करतो, तेव्हा शहरच आमचं देणेकरी. महापालिका कधी मालक नव्हती. संघटनेनं तिला अर्जविनंत्या, धरणी आणि मुख्य म्हणजे हिशेब मांडून मालकाच्या जागी आणून बसवलं.

पहिली मिळकत म्हणजे ओळखपत्र. 1995-96 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. असं करणाऱ्या देशातल्या या पहिल्या महापालिका. खिशात ठेवायचा तो एक कागदाचा तुकडा, पण पोलिसानं हटकलं तर दाखवायला काहीतरी झालं, आणि ‘चोर’ या शब्दाला सरकारी शिक्क्याचं उत्तर मिळालं.

हिशेबाची मोठी खेप आली 2001 च्या अभ्यासातून. कचरावेचक जो माल उचलतात तो महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही. म्हणजे गाडीचं इंधन वाचतं, मजुरी वाचते, डेपोतली जागा वाचते. हे सगळं मोजलं तेव्हा एकेक बाई महिन्याला 246 रुपयांची फुकट मजुरी महापालिकेला देत असल्याचं निघालं. दान कोण कुणाला करत होतं, हा प्रश्न आकड्यानं निकालात काढला. पुढे महापालिकेनं विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली ती या पायावर. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही लागू झाली. संघटनेची पतसंस्था आली, स्वतःचं भंगार दुकान आलं. पोरांना पोत्याऐवजी शाळेत धाडायचं, हा आग्रह तर आयांनीच धरला.

2007 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदली गेली आणि 2008 मध्ये पुणे महापालिकेशी तिचा पाच वर्षांचा करार झाला. दोघींची जोडी साधारण अडीच-तीनशे घरं सांभाळते. ढकलगाडी आणि बकेट घेऊन दारोदार जायचं, ओला कचरा पालिकेच्या गाडीपर्यंत पोचवायचा, सुका वेगळा करून विकायचा. घरटी दरमहा शुल्क आणि भंगाराचे पैसे मिळून कमाई. उन्हातान्हात कोंडाळी धुंडाळणारी बाई ठरल्या वेळेला, ठरल्या दारात उभी राहिली.

याचा अर्थ सगळं गोड झालं असा नाही. भंगाराचे भाव कोसळतात तेव्हा कमाई रातोरात आटते. शुल्क टाळणारी घरं तिच्याशी थोडक्या रुपयांवरून घासाघीस करतात, आणि त्यांतल्या कुणाला दुकानदाराशी तशी घासाघीस करताना मी पाहिलेलं नाही. करार संपत आला की मुदतवाढीसाठी पुन्हा पालिकेचे उंबरठे झिजवणं आलंच. शिवाय ठेकेदार आणि त्याचे ट्रक नेहमीच दाराशी उभे. पुण्याचा कचरा डेपो जिथे होता त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा आपल्या अंगणात नको म्हणून आंदोलनं केली, तेव्हा शहराला कचरा कमी करण्याची आठवण झाली. वेचणारीचं मोल पटवून द्यायला मात्र संघटनेलाच पुन्हा पुन्हा जावं लागतं. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांना यंत्रणेत सामावून घेणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक झालं, हे खरं. पण नियम कागदावर असतो, आणि कागद तर या बायका किलोवर विकतात.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो सॅनिटरी पॅडचा लढा. सुका कचरा हातानं वेगळा करताना वर्तमानपत्राच्या पुडीतून रक्तानं भरलेलं पॅड उघडं पडायचं. काही वर्षं तक्रार करून झाली. शेवटी 2013 मध्ये बायकांनी वापरलेली पॅड गोळा केली आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवून दिली. तुमचा माल आहे, तुम्हीच सांभाळा! पॅडसोबत ते टाकण्यासाठी पिशवी द्यायची जबाबदारी 2016 च्या नियमांत कंपन्यांवर आली. तोवर बायकांनी जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या करून विकायलाही सुरुवात केली होती.

आणि घरोघरी एक साधी विनंती पोचवली. पॅड किंवा डायपर कागदात घट्ट गुंडाळा आणि वर ठळक लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावं लागणार नाही. लाल पेन सापडत नसेल तर कुंकू चालेल, नखपॉलिशही चालेल.